कंपन्यांसाठीचं डोमेन एक्स्टेंशन चालवायला घ्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि दावेदारांची स्पर्धा

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या उद्योजकांकडून हल्ली एक प्रश्न येतो: 'डॉट कॉम'सारखं, फक्त कंपन्यांसाठीचं एक्स्टेंशन आपण काढू शकतो का? काढता येतं. पण नाव विकत घेणं वेगळं आणि अख्खं एक्स्टेंशन चालवणं वेगळं. नाव हजारभर रुपयांत मिळतं. एक्स्टेंशन चालवणं म्हणजे रजिस्ट्री, म्हणजेच त्यातल्या सगळ्या नावांची नोंद सांभाळणं, आणि ते काम फक्त आयकॅन ही इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणारी आंतरराष्ट्रीय संस्था देते. 'ओळखीने काम करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

२०१२ नंतरची पुढची अर्जफेरी २०२६ ची: ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट. मूल्यमापन शुल्क २ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास. निवडक अर्जदारांना ७५ ते ८५ टक्के सवलत होती, पण तिची मुदत मुख्य फेरी उघडण्याआधीच संपली.

अर्ज नोंदणीकृत संस्थेलाच करता येतो. व्यक्ती किंवा प्रोप्रायटरी फर्म चालत नाही, त्यामुळे नुसत्या उद्यम प्रमाणपत्रावर अर्ज होत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट काढून २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, बघा. त्यात 'एमएच' (महाराष्ट्र), नोंदणीचं वर्ष आणि 'पीटीसी' (प्रायव्हेट लिमिटेडची खूण) दिसेल. तिथे कंपनीचं नाव जसं छापलंय, अगदी तसंच ते ऑडिट झालेल्या ताळेबंदावर आणि अर्जावर हवं. संचालकांची, तसंच १५ टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या भागधारकांची माहिती द्यावी लागते, कारण त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते. सर्व्हरची यंत्रणा स्वतः उभारायची गरज नाही. आयकॅनने तपासलेला सेवा पुरवठादार घेता येतो.

खरा कस लागतो तो एकाच शब्दावर अनेकांचे अर्ज आले की. २०१२ साली 'डॉट इंक' (.inc) या कंपन्यांसाठीच्या एक्स्टेंशनसाठी दहाच्या वर दावेदार होते. त्यातल्या डॉट रजिस्ट्री या अमेरिकी कंपनीचं म्हणणं होतं की हे नाव खरोखर नोंदणी झालेल्या कंपन्यांनाच मिळावं, आणि ते मला आजही पटतं. आपल्या द्राक्ष निर्यातदाराचा युरोपातला ग्राहक ईमेलच्या पत्त्यावरूनच समोरच्याची पारख करतो. त्या पत्त्यामागे कंपनीच नसेल तर त्याने भरवसा कशावर ठेवायचा? डॉट रजिस्ट्रीने नोंदणीकृत कंपन्यांच्या समुदायाच्या वतीने प्राधान्य मागितलं, पण त्यासाठी लागणारे १६ पैकी १४ गुण तिला मिळाले नाहीत. २०१६ मध्ये या प्रकरणात स्वतंत्र लवादाने आयकॅनच्या संचालक मंडळावर ठपका ठेवला, तरी 'डॉट इंक' शेवटी इंटरकॅप या दुसऱ्या कंपनीकडेच गेलं. 'डॉट कॉर्प' (.corp) तर कुणालाच मिळालं नाही: अनेक ऑफिसांच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये तो शब्द आधीच वापरात होता, टक्कर होण्याचा धोका होता, म्हणून २०१८ मध्ये ते अर्ज पुढे न नेण्याचं ठरलं.

२०१२ च्या फेरीत दावेदार आपसात खासगी लिलाव करून वाद मिटवत. नव्या फेरीत त्याला बंदी आहे. अर्ज भरतानाच एक पर्यायी शब्द देता येतो, तो नक्की द्या. समुदाय म्हणून उतरायचं असेल तर त्या समुदायाच्या संस्थांची पाठिंब्याची पत्रं जोडा. तरीही तिढा सुटला नाही तर आयकॅनचाच लिलाव होतो, आणि तिथली बोली शुल्काव्यतिरिक्त असते.

ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांनी आपला ट्रेडमार्क 'ट्रेडमार्क क्लिअरिंगहाऊस' या ट्रेडमार्कची जागतिक नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत नोंदवून ठेवावा. नवं एक्स्टेंशन सुरू झालं की ट्रेडमार्कधारकांना नाव आधी घेण्यासाठी किमान ३० दिवसांची मुभा असते.