चित्र बघताना बोलायचं कुणी?

आजीच्या मांडीवर अडीच वर्षांची नात, समोर चित्रांचं पुस्तक. आजी बोट ठेवून विचारते, "हे काय?" "घोडा." "आणि हे?" "झाड." "हे गं?" "काऊ." दहा पानं उलटली तरी नातीच्या तोंडून एक वाक्य आलेलं नसतं. येणार कुठून? प्रत्येक प्रश्न एका शब्दात संपणारा.

आता तेच पान, प्रश्न वेगळा. "काय चाललंय गं इथे?" नात थोडा वेळ गप्प. आजीही गप्प, घाई करत नाही. मग येतं, "दादा घोडावर बसला."

"हो गं, दादा घोड्यावर बसलाय. पांढऱ्या घोड्यावर! कुठे निघालाय?"

आजीने चूक दाखवली नाही. नातीचंच वाक्य नीट करून परत दिलं, वर एक विशेषण जोडलं. सामान्यरूप ही आपल्या भाषेतली अवघड गोष्ट. घोडा-घोड्यावर, विहीर-विहिरीत, शिवाय 'पांढरा'चंही 'पांढऱ्या' व्हायचं. सुटे शब्द पाठ करून हे येत नाही, ते वाक्यातच कानावर पडावं लागतं. आणि चित्रात कोणी ना कोणी कशावर तरी चढलेलं, कशामागे तरी लपलेलं असतंच! स्वतःच्या बोलण्याला लागूनच दुरुस्त वाक्य ऐकू आलं, तेही डोळ्यांसमोरच्या गोष्टीबद्दल, तर दोन्हींतला फरक मुलाच्या लक्षात येणं सोपं जातं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली याची पडताळणी प्रसिद्ध केली. मुलं २१ ते ३५ महिन्यांची, संख्येने तिसाच्या आसपास. दोन्ही गटांतले पालक महिनाभर घरी मुलांना पुस्तकं वाचून दाखवत होते. एका गटाला मात्र शिकवलं होतं, की नुसतं वाचत जाऊ नका, नुसतं बोट दाखवून उत्तर देता येईल असे प्रश्न कमी करा, मोकळे प्रश्न विचारा, मूल बोलेल त्यात भर घाला. महिन्याच्या शेवटी या गटातली मुलं बोलण्याच्या एका चाचणीत सुमारे साडेआठ महिने पुढे होती, शब्दांच्या चाचणीत सहा महिने. नऊ महिन्यांनीही फरक पुसला गेला नव्हता. गट लहान होता हे लक्षात ठेवायला हवं. तरी पुस्तक वाचणं दोन्हीकडे होतंच, बदललं होतं ते बोलणं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण अडीच-तीन वर्षांच्या मुलाकडून गोष्टीची अपेक्षा करू नये. मर्सर मेयर यांचं १९६९ सालचं एक बिनशब्दांचं पुस्तक आहे. बरणीतला बेडूक रात्री पळून जातो, मुलगा आणि कुत्रा त्याला शोधत फिरतात. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी त्याच चित्रांवरून इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणाऱ्या मुलांना बोलतं केलं. १९९४ साली तो अभ्यास ग्रंथरूपाने आला. तीन वर्षांची मुलं बहुधा एकेका चित्राबद्दल सुटं सुटं बोलत. नऊ वर्षांची मुलं सगळ्या चित्रांतून शोधाचा धागा ओवत. 'म्हणून', 'तेव्हा', 'तोपर्यंत' असे सांधे हळूहळूच तयार होतात.

तेव्हा छोटीने एका पानावर "बेडूक आहे" आणि पुढच्या पानावर "बेडूक नाही" म्हटलं, तर तिचं काम झालं. पाच वर्षांच्या दादाला मात्र रिकामी बरणी दाखवून विचारावं, "कुठे गेला असेल रे?" आणि तो सांगेपर्यंत पान उलटू नये.