किल्लारी ते काठमांडू : मदतकार्यातली माहिती लष्करी कुंपणाबाहेर कशी आली

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरली, तेव्हा देशात मोबाइलही नव्हता आणि सामान्यांसाठी इंटरनेटही. दोन्ही 1995 मध्ये आले. जखमींना सोलापूरच्या रुग्णालयांत आणलं जात होतं आणि भूकंपग्रस्त गावांच्या रस्त्यांवर मदतीच्या ट्रकांबरोबर बघ्यांचीही गर्दी लोटली होती. लष्कराचा निरोप लष्कराच्या बिनतारी यंत्रणेवर, महसूल खात्याचा तहसीलच्या फोनवर आणि संस्थांचा तोंडी जायचा. एकाला कळलेलं दुसऱ्याला कळेलच असं नव्हतं. जुन्या कपड्यांचे ढीग साचले, त्याचं एक कारण हेही होतं.

हीच अडचण जगभर होती. परदेशी सैन्याने मदतीला कधी आणि कसं यावं याची ओस्लो मार्गदर्शक तत्त्वं 1994 मध्ये ठरली, 1996 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘रिलीफवेब’ सुरू केलं. अहवाल आणि नकाशे सगळ्यांना एका ठिकाणी दिसू लागले. पण सैन्याचा स्वभाव उलटा असतो. ज्याला गरज त्यालाच माहिती, हा त्यांचा नियम. सेंट्रिक्ससारखी मित्रदेशांच्या सैन्यांना जोडणारी संगणक जाळी होती, पण गोपनीय असल्यामुळे डॉक्टर, रेड क्रॉस किंवा स्थानिक नगरपालिका यांना तिथे प्रवेश नव्हता. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अमेरिका, भारत, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांनी समन्वय गट उभा केला, तेव्हा ही फट अधिकच डोळ्यांत भरली.

उपाय अगदी साधा निघाला : जे गुप्त नाही, त्यासाठी वेगळी जागा. अमेरिकेच्या पॅसिफिक कमांडचं ‘एपॅन’ हे उघडं संकेतस्थळ 2000 च्या आसपास आशिया-पॅसिफिकपुरतं सुरू झालं होतं. 12 जानेवारी 2010 च्या हैती भूकंपात त्याची खरी कसोटी लागली. नुसता ई-मेल असलेल्या संस्थेलाही त्यावर नोंदणी करता येत असे. त्याच वेळी ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशाचे स्वयंसेवक उपग्रह चित्रांवरून हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढत होते. पुढे त्याच लघुनामाचा विस्तार ‘ऑल पार्टनर्स ॲक्सेस नेटवर्क’ असा झाला.

संकेतस्थळ उभं राहिलं म्हणून काम सुरळीत झालं असं मात्र नाही. एप्रिल 2015 च्या नेपाळ भूकंपात भारताच्या ‘ऑपरेशन मैत्री’सह अनेक देशांची पथकं उतरली. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाची धावपट्टी एकच. परदेशी सैन्यांसाठी नेपाळी लष्कराने समन्वय केंद्र उघडलं, तर नागरी पथकांचं काम संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत चाललं. अशा वेळी चुका होतात त्या अगदी क्षुल्लक जागी.

पहिली जागा, अक्षांश-रेखांश. सोलापूर साधारण 17.66 अंश उत्तरेवर, म्हणजे 17 अंश 39 मिनिटं 36 सेकंद. हेच आकडे कोणी 17.3936 असे दशांशात भरले तर खूण सुमारे 30 किलोमीटर दक्षिणेला, कर्नाटकच्या सीमेकडे सरकते. हेलिकॉप्टर तिकडे गेलं तर इंधन आणि वेळ दोन्ही वाया. म्हणून फॉर्मवर पद्धत आधीच छापलेली असावी आणि प्रत्येक नोंदीसोबत जवळचं गाव लिहावं. दुसरी जागा, वेळ. किल्लारीचा भूकंप आंतरराष्ट्रीय नोंदींत 29 सप्टेंबरचा आहे, कारण तिथे यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ चालते आणि आपण साडेपाच तास पुढे. तिसरी, गावांची नावं : एकाच नावाची गावं जिल्ह्यात दोन-तीनही सापडतात. स्थानिक शासन निर्देशिकेतला गावाचा सांकेतिक क्रमांक लावला तरच नोंदी जुळतात. जुन्या मराठी फॉन्टमधली यादी दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होते, ती युनिकोडमध्येच हवी.

आपल्याकडे 2003 मध्ये ‘इंडिया डिझास्टर रिसोर्स नेटवर्क’ सुरू झालं. कोणत्या जिल्ह्यात किती बोटी, जनित्रं, पाणबुडे याची ऑनलाइन यादी. कल्पना चांगली, अडचण अशी, की यादी भरताना जो उत्साह असतो तो ती अद्ययावत ठेवताना राहत नाही. अधिकारी बदलला की फोन क्रमांक मेलाच. इशाऱ्यांसाठी जगभर ‘कॅप’ (कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल) हा सामायिक साचा वापरतात, आपत्तीचे इशारे देणारी आपली सरकारी यंत्रणा ‘सचेत’ही त्यावरच चालते. धोका काय, किती तातडीचा, किती गंभीर, किती खात्रीचा, कुठे आणि केव्हापर्यंत, यासाठी त्यात वेगवेगळे रकाने आहेत.

हाच साचा भीमेच्या पुरालाही लागू पडतो. उजनी धरणातून सोडलेलं पाणी आधी पंढरपूर गाठतं आणि मग कर्नाटकात शिरतं. त्यामुळे निरोपात नुसतं ‘विसर्ग वाढवला’ असून भागत नाही. किती क्युसेक, केव्हापासून, पुढचा बदल कधी कळवणार आणि आधीचा निरोप रद्द समजायचा का, हे चारही लागतात. शेवटचं बहुतेक वेळा राहून जातं, आणि जुना आकडा नव्या आकड्यासोबत व्हॉट्सॲपवर दिवसभर फिरत राहतो.