फुफ्फुसावरणातील पाणी आणि हृदयोत्तेजक औषधे

‘छातीत पाणी झालंय’ या एका वाक्यात दोन वेगळे विकार मिसळून जातात: फुफ्फुसातल्या वायुकोशांत उतरलेले पाणी, आणि फुफ्फुसाबाहेर, त्याच्या दुपदरी आवरणाच्या फटीत साठलेले पाणी. ही नोंद दुसऱ्याची. निरोगी माणसाच्या या फटीत काही मिलिलिटरच द्रव असतो. क्षयरोग (भारतात हे मोठे कारण), न्यूमोनिया, कर्करोग किंवा हृदय निकामी होणे यांमुळे तिथे लिटर-दोन लिटरही साचते.

साठा मोठा झाला की छातीतला दाब वाढतो. महाशिरा आणि पातळ भिंतींची हृदयाची उजवी बाजू चेपली जाते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते. अशा वेळी रक्तदाब पडला म्हणून डोब्युटामिन या हृदयोत्तेजक औषधाचा ड्रिप (मिनिटाला, दर किलो वजनामागे साधारण 2 ते 20 मायक्रोग्रॅम) लावला, तर हृदय जोराने आवळते खरे. पण कप्पा अर्धाच भरलेला असेल तर तो बाहेर टाकणार काय? विहीर आटलेली असताना मोटार चालवण्यातलाच हा प्रकार. शिवाय ठोके वाढले की दोन ठोक्यांमधली भरण्याची सवड कमी होते. डोब्युटामिन आणि त्याच गटातले मिल्रिनोन रक्तवाहिन्याही सैलावतात, त्यामुळे रक्तदाब आणखी उतरू शकतो.

दुसरा परिणाम सहज लक्षात येत नाही. दबलेल्या फुफ्फुसात हवा नीट पोहोचत नाही, म्हणून शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आवळून रक्त चांगल्या भागाकडे वळवते. ही औषधे त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करू शकतात. मग रक्त प्राणवायू न घेताच पुढे जाते, आणि रक्तप्रवाह सुधारूनही प्राणवायू मोजणाऱ्या बोटाच्या चिमट्यावरचा आकडा घसरतो.

हृदय दुबळे झाल्यामुळेच पाणी साठले असेल, तर गणित बदलते. विल्यम विदरिंग या इंग्लिश वैद्याने 1785 मध्ये अंगावर पाणी चढलेल्या रुग्णांवरील डिजिटॅलिस या हृदयाला बळ देणाऱ्या वनस्पतिजन्य औषधाचे अनुभव प्रसिद्ध केले. आज मात्र अशा रुग्णांत मुख्य भिस्त लघवी वाढवणाऱ्या औषधांवर असते.

दाबाने हृदय अडले असेल तर खरा उपाय सुईने पाणी काढण्याचा. रुग्णाला पुढे उशीवर रेलवून बसवतात, सोनोग्राफीत जागा पाहतात आणि बरगडीच्या वरच्या कडेला लागून सुई घालतात, कारण खालच्या कडेने शिरा आणि नसा जातात. एका वेळी सहसा दीड लिटरच्या पुढे जात नाहीत. घाई केली तर एकदम उलगडलेल्या फुफ्फुसाच्या आतच पाणी उतरते, म्हणजे सुरुवातीला बाजूला ठेवलेला पहिला विकार.