गाण्याच्या नावात येनचं चिन्ह

गाणं नीट वाजतं, पण पडद्यावर नावाच्या जागी उलटी मात्रा दिलेला रोमन ‘ए’, जपानी येनची चिन्हं आणि गोलातला ‘आर’ दिसतो. देवनागरी नावांच्या नशिबी हे नेहमीचंच. अशा वेळी बरेच जण कॉम्प्युटरची भाषा बदलून पाहतात. त्याने एक यादी सुधारते आणि दुसरी बिघडते, कारण दोष कॉम्प्युटरच्या भाषेत नसतोच. फाइलमध्ये नाव लिहिलेलं असतं, पण ते कोणत्या तक्त्याने वाचायचं याची नोंद नसते किंवा चुकीची असते.

फाइलमध्ये अक्षरं नसतात, ० ते २५५ मधले आकडे असतात. एकेका आकड्याला बाइट म्हणायचं. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर हे तक्ता ठरवतो. २०७ हा बाइट विंडोजच्या रशियन तक्त्यात ‘प’, जपानी तक्त्यात ‘मा’ आणि पश्चिम युरोपीय तक्त्यात दोन टिंबांचा ‘आय’ असतो. तिन्ही वाचनं आपापल्या जागी बरोबर.

एमपी३ फाइलीला नाव-गाव देण्याची सोय १९९६मध्ये एरिक केम्प यांनी केली. फाइलच्या शेवटी १२८ बाइटांचा टॅग, म्हणजे नाव-गावाची नोंद, त्यात शीर्षकाला ३० बाइट, गायकाला ३०, अल्बमला ३०. तक्ता सांगायला जागाच नाही. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांचा सामायिक तक्ता, आणि यूटीएफ-८ ही तो बाइटांत लिहिण्याची एक पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना-वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे ‘पावसाळ्यातली’ हा एकच शब्द ३६ बाइटांचा. तो मध्येच तुटणार.

या टॅगच्या पद्धतीचं नाव आयडीथ्री. १९९८मध्ये तिची दुसरी पिढी आली. तिच्यात मजकुराआधी एक बाइट तक्ता सांगतो: ० म्हणजे लॅटिन-१ हा पश्चिम युरोपीय तक्ता, १ म्हणजे यूटीएफ-१६ ही युनिकोड लिहिण्याची दुसरी पद्धत. २०००च्या २.४ आवृत्तीत ३ म्हणजे यूटीएफ-८ हाही पर्याय मिळाला. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात कित्येक प्रोग्रामांनी ० लिहून आत स्थानिक तक्त्यातली अक्षरं भरली, आणि ही थाप आजही जुन्या संग्रहांमध्ये भेटते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी बिघाड कोणता ते ओळखावं. चौकोन दिसत असतील तर बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते, फक्त फॉन्टमध्ये ती अक्षरं नसतात. अगम्य चिन्हं दिसत असतील तर बाइट बहुधा शाबूत आहेत, वाचन चुकलंय. सगळीकडे प्रश्नचिन्हंच असतील तर मात्र मूळ अक्षरं बहुधा कायमची गेली. ज्या तक्त्यात अक्षरच नाही त्यात मजकूर ढकलला की प्रोग्राम तिथे प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो. मराठीला विंडोजने २५६ घरांचा जुना तक्ता कधी दिलाच नाही, त्यामुळे युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रामांत मराठी नावांची हीच गत होते.

येनचं चिन्ह येतं ते असं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचा पहिला बाइट नेहमी २२४. पश्चिम युरोपीय तक्त्यात तो उलट्या मात्रेचा ‘ए’. दुसरा बाइट स्वर, व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी यांना १६४, तर दुसऱ्या वेलांटीपासून पुढच्या उकार, मात्रा, हलन्त यांना १६५. हा १६५ म्हणजेच येन. ‘म’चा तिसरा बाइट १७४, तोच गोलातला ‘आर’. थोडी सवय झाली की त्या कचऱ्यातून जोडाक्षर कुठे असेल याचाही अंदाज येतो.

असा मजकूर उलट्या वाटेने परत मिळतो: चिन्हांचे पुन्हा बाइट करायचे आणि ते यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. इथे एक खोच आहे, आणि मला ती सगळ्यांत वाईट वाटते. विंडोजच्या पश्चिम युरोपीय तक्त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ ही घरं रिकामी आहेत. नेमके याच बाइटांनी पहिला उकार, हलन्त, ए, ऐ आणि झ संपतात. काही प्रोग्राम हे बाइट जसेच्या तसे पुढे नेतात, काही गाळून टाकतात. गाळले असतील तर नाव परत येतं ते जोडाक्षरं मोडलेलं. ‘ठ’चा शेवटचा बाइट १६० तर मोकळी जागा म्हणूनच वाचला जातो. टोकाची मोकळी जागा छाटणारं साधन ‘पाठ’मधला ‘ठ’ सहज खाऊन टाकतं.

म्हणून आधी फाइलींची प्रत काढावी. एमपी३टॅग या टॅग सुधारण्याच्या प्रोग्राममध्ये कोडपेज, म्हणजे तक्ता, बदलण्याची कृती आहे. कमांड लाइनची भीती नसेल तर म्यूटाजेन या टॅग हाताळणाऱ्या संचासोबत येणारं मिड३आयकॉन्व्ह, तसा पर्याय दिला तर, फाइलीला हात न लावता निकाल आधी दाखवतं (नाहीतर ते थेट फाइल बदलतं), आणि शेकडो फाइली असतील तेव्हा तेच बरं. मूळ तक्ता माहीत नसेल तर आधी यूटीएफ-८ आजमावावं. त्याच्या बाइटांची रचना इतकी काटेकोर आहे की दुसऱ्या तक्त्यातला मोठा मजकूर योगायोगाने तिच्यात बसणं अवघड. रशियन की ग्रीक हे मात्र डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

साठवताना आयडीथ्रीची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ निवडावं, कारण जुन्या प्लेअरांना २.४ झेपेलच असं नाही. फ्लॅक आणि ऑग या दुसऱ्या प्रकारच्या गाण्याच्या फाइलींच्या टॅगांना यूटीएफ-८ सक्तीचंच असल्यामुळे तिथे ही कटकट क्वचित होते. फोटोंच्या एक्झिफ नोंदींना अधिकृत यूटीएफ-८ मिळायला मात्र २०२३ची ३.० आवृत्ती यावी लागली. एवढं करूनही एखादा प्लेअर जुनंच नाव दाखवत असेल तर फाइलच्या शेवटचा तो १२८ बाइटांचा टॅग पाहावा. नवा टॅग सुरुवातीला, जुना शेवटाला, असे दोन्ही एकाच फाइलीत राहू शकतात, आणि कोणता वाचायचा हे प्रत्येक प्लेअर आपल्या मर्जीने ठरवतो. जुना काढून टाकलेला बरा.