परसातल्या फणसाच्या फळ्या आणि त्यांतले पाणी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा परसांतली जुनी झाडे मुळांसकट आडवी झाली. अशा पडलेल्या फणसाचे सरपण करणे ही माझ्या मते उधळपट्टी आहे, कारण जाड बुंध्यातून घरापुरते टेबल, बाक किंवा देव्हारा सहज निघतो. (उभा फणस तोडायचा असेल, तर आधी परवानगी लागते, आंब्याप्रमाणे तोही वृक्षतोडीविषयीच्या राज्याच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत आहे.) ओंडक्याच्या फळ्या पाडणे हे सॉ मिलमधले एका दिवसाचे काम असते. फळ्यांतले पाणी बाहेर पडायला मात्र महिने लागतात, आणि फर्निचर टिकणार की तडकणार, हे त्या महिन्यांतच ठरते.

ओल्या लाकडात पाणी दोन प्रकारे असते. लाकडाची प्रत्येक पेशी म्हणजे एक चिमुकले कच्चे मडके मानले, तर काही पाणी मडक्याच्या पोकळीत असते आणि काही त्याच्या भिंतीत मुरलेले असते. पोकळीतले पाणी आधी निघून जाते. त्याने वजन घटते, पण आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी उरले, की भिंतीतले पाणी निघू लागते, आणि भिंत आकसते तसे लाकूडही आकसते.

हे आकसणे सर्व दिशांना सारखे असते, तर कोणाचीच तक्रार नव्हती. प्रत्यक्षात लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसत नाही, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने थोडे आकसते आणि वाढीच्या वर्तुळांना धरून त्याच्या साधारण दुप्पट आकसते. गाभ्यातून बाहेर जाणारे पेशींचे आडवे पट्टे, म्हणजे किरण, त्या दिशेचे आकसणे रोखून धरतात, हे यामागचे एक कारण आहे. त्यामुळे अख्खा ओंडका अंगणात पडून वाळला, तर परीघ गाभ्यापेक्षा जास्त आवळला जातो आणि ओंडका पाचरीच्या आकारात उभा चिरतो. म्हणून फळ्या लवकर पाडून घ्याव्यात आणि ऐन मध्यातला पट्टा बाजूला काढावा. परसातल्या झाडाबाबत सॉ मिलवाले कुरकुरतात, आणि त्यांचे चुकत नाही: कपडे वाळत घालायच्या तारेसाठी पूर्वी कधीतरी ठोकलेला खिळा बुंधा जाड होताना आत गडप होतो, पण उंचीला तिथेच राहतो आणि करवतीचे दात मोडतो.

फळ्या उन्हात टाकून लवकर वाळवण्याचा मोह टाळावा. पृष्ठभाग भराभर वाळून आकसू लागतो, आतला भाग ओलाच असल्याने दाद देत नाही, आणि त्या ताणात वरून बारीक चिरा पडतात. पाऊस न लागणाऱ्या, वारा खेळणाऱ्या पडवीत जमिनीपासून उंचावर फळ्या रचाव्यात. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा ठेवाव्यात आणि वर वजन द्यावे. फळीच्या टोकांना पेशींच्या नळ्या उघड्या असतात आणि तिथून पाणी कितीतरी वेगाने उडते, म्हणून कापल्या दिवशीच टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावावा. कडेचे फिकट लाकूड शक्यतो वापरू नये. त्यातल्या पिष्टावर भुंगेरे ताव मारतात आणि खाली पिठासारखा भुगा सांडतो. पिवळा गाभा पुष्कळ टिकाऊ असतो. हा पिवळेपणा बराचसा मोरिन नावाच्या रंगद्रव्याचा. उजेडात तो हळूहळू तपकिरी होतो.

फळी वाळली की नाही, हे वजनकाट्यावर कळते. तिचा एक तुकडा २६० ग्रॅम भरला आणि ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सियसला, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवल्यावर २०० ग्रॅम उरला, तर ओलावा ३० टक्के होता. एक इंच जाडीला एक वर्ष हा ठोकताळा चालतो, पण पडवीतली फळी कधीच शून्यावर येत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावते, ८० टक्के असेल तर सुमारे १६ टक्क्यांवर.

कोकणात हा चढउतार दर वर्षी होतो. साठ सेंटिमीटर रुंदीचा टेबलाचा माथा त्यामुळे साधारण पाच मिलिमीटरने फुगतो आणि पुन्हा आकसतो. तो खालच्या चौकटीला सरसाने घट्ट चिकटवला, तर पहिल्याच उन्हाळ्यात तडकू शकतो. त्याऐवजी चौकटीत स्क्रूसाठी गोल भोकांऐवजी रुंदीच्या दिशेने लांबट खाचा पाडाव्यात आणि स्क्रू फार आवळू नयेत, म्हणजे माथ्याला सरकायला जागा राहते.