एस्पोझितो (इटालियन आडनाव)

एस्पोझितो हे दक्षिण इटलीतील, विशेषतः नेपल्स शहर आणि त्याभोवतीच्या काम्पानिया प्रांतातील आडनाव. काम्पानियात सर्वाधिक आढळणारे आडनाव हेच, आणि संपूर्ण इटलीचा विचार केला तर रोस्सी, रुस्सो व फेर्रारी यांच्यानंतर सहसा याचा क्रमांक लावला जातो. अर्थ सरळ आहे: ‘बाहेर ठेवलेला’. टाकलेले मूल आश्रमात आले की नोंदवहीत त्याच्या नावापुढे हा शेरा पडे. पुढे तोच शेरा त्या मुलाचे, त्याच्या लेकरांचे आणि नातवंडांचे आडनाव झाला. इटलीतील बहुतेक आडनावे कुणा पूर्वजाचे नाव, गाव, धंदा किंवा रूप सांगतात. रोस्सी आणि रुस्सो म्हणजे तांबड्या केसांचा, फेर्रारी म्हणजे लोहार. एस्पोझितो यांतले काहीच सांगत नाही. ते एका संस्थेच्या दफ्तरातून आलेले आहे, त्यामुळे त्या दफ्तराचा कारभार समजला की आडनाव आपोआप समजते.

व्युत्पत्ती आणि उच्चार

लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. ‘एक्स्पोनेरे’पासून ‘एक्स्पोसितुस’, म्हणजे बाहेर ठेवलेला. आजच्या इटालियनमध्ये याच क्रियापदाचे रूप आखडून ‘एस्पोस्तो’ झाले आहे; दुकानाच्या काचेत मांडलेला माल किंवा प्रदर्शनात लावलेले चित्र यांसाठीही तोच शब्द चालतो. आडनावात मात्र लॅटिनच्या जवळचे जुने, लांब रूप गोठून राहिले.

उच्चारताना जोर ‘पो’वर येतो आणि तो किंचित लांबवायचा असतो. शेवटचा ‘तो’ दंत्य, आपल्या ‘त’सारखाच. प्रमाण इटालियनमध्ये मधले व्यंजन ‘झ’ असते, नेपल्सच्या तोंडी ते ‘स’ होते: एस्पोसितो. अमेरिकेत जोर ‘झि’वर सरकून ‘एस्पोझीटो’ ऐकू येते, ते इंग्रजी वळण आहे. अर्जेंटिनात स्पॅनिश पद्धतीने ‘पो’वर जोराची खूण देऊन लिहितात.

एस्पोस्तो, एस्पोस्ती, देल्यी एस्पोस्ती, द'एस्पोझितो ही याच शब्दाची भावंडे. सुरुवातीचा ‘ए’ गळून झालेले स्पोझितोही त्यांतलेच. देल्यी एस्पोस्ती हे बोलोन्याकडचे, तर द'एस्पोझितो सोरेंतोच्या द्वीपकल्पात जास्त भेटते.

अन्नुन्त्सियाताचे फिरते चक्र

नेपल्सच्या जुन्या फोर्चेल्ला भागात अन्नुन्त्सियाता हे चर्च आणि त्याला जोडून धर्मादाय संस्था, रुग्णालय व बालकाश्रम होता. देवदूताने मारियेला येशूच्या जन्माची वार्ता दिली, त्या प्रसंगाचे हे नाव. संस्था १४व्या शतकातली. १७५७ च्या आगीनंतर चर्च नव्याने उभारण्याचे काम वास्तुकार लुईजी वान्वितेल्ली याच्याकडे आले. आज जगभर पसरलेल्या एस्पोझितो घराण्यांतील फार मोठ्या हिश्श्याचा उगम या आवारात आहे.

मुले घेण्यासाठी रस्त्याकडच्या भिंतीत ‘रुओता’, म्हणजे चक्र बसवलेले असे. नाव चक्र असले तरी ते उभ्या आसावर फिरणारे लाकडी पिंप होते, एका बाजूने उघडे. उघडी बाजू रस्त्याकडे असताना बाळ आत ठेवायचे, पिंप फिरवायचे, घंटा वाजवायची आणि निघून जायचे. आत रात्रंदिवस पाळीवर बसलेली बाई बाळ उचलून घेई. रचना अशी की ठेवणाऱ्याला आतले दिसू नये आणि आतल्या बाईला ठेवणारा दिसू नये. सारी व्यवस्था या एका गोष्टीवर उभी होती. आईचे तोंड दिसले असते, तर मूल चक्राऐवजी नदीत किंवा उकिरड्यावर गेले असते, हे त्या काळच्या समाजाला पक्के ठाऊक होते.

आत आलेल्या बाळाला आंघोळ घालत. बाप्तिस्मा झाल्याची खात्री नसेल, तर ‘आधी झाला नसल्यास’ अशी अट घालून तो करत. मग नोंद: दिवस, वेळ, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, शरीरावरची खूण आणि सोबत काही ठेवले असल्यास तेही. अर्धे कापलेले पदक, संताच्या चित्राचा फाडलेला तुकडा, चिठ्ठी अशा वस्तू पुष्कळदा असत. दुसरा अर्धा भाग आईकडे राही. पुढे परिस्थिती सुधारली आणि कोणी मूल मागायला आले, तर दोन तुकडे जुळवून ओळख पटवायची, हा त्यामागचा हिशेब. बाळाच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली शिशाची मुद्रा अडकवत. तिला ‘मेर्को’ म्हणत. ती मायेची खूण नव्हती, हिशेबाची होती. बाळ गावाकडे दूधआईकडे गेले की तिला महिन्याचे पैसे मिळत. ते दगावले तर त्याच्या जागी दुसरेच मूल दाखवून पैसे चालू ठेवण्याचा मोह असे, म्हणून ही मुद्रा.

मुले दगावण्याचे प्रमाण भयंकर होते. १८व्या-१९व्या शतकांतील इटलीच्या अशा आश्रमांत निम्म्याहून अधिक मुले वर्षाच्या आत जाणे ही नेहमीची गोष्ट होती आणि वाईट वर्षांत आकडा त्याहून बराच वर चढे. कारणे उघड आहेत. दूधआया कमी आणि मुले जास्त, म्हणून एकाच बाईच्या अंगावर दोन-तीन बाळे. ज्यांना बाई मिळत नसे त्यांना जनावराचे दूध, आणि ते उकळून देण्याची समज नव्हती. कित्येक बाळे थंडीत लांबच्या खेड्यांतून टोपलीत घालून आणलेली, शहरात पोचेपर्यंत अर्धमेली. बाळाकडून दूधआईला, दूधआईकडून दुसऱ्या बाळाला उपदंश लागे. यातून वाचलेली मुले खेड्यातल्या सांभाळणाऱ्या घरातच राहत किंवा परत येत. मुलग्यांना कारागिराच्या हाताखाली घालत आणि मुलींना संस्था हुंडा देऊन उजवे. नेपल्समध्ये त्यांना ‘मादोन्नाची’, म्हणजे मारियेची, ‘लेकरे’ म्हणत. हे म्हणणे दयेचे होते, पण त्या दयेत ओळखही उघड होत असे.

टाकलेली सगळीच मुले अनौरस होती, हा समज चुकीचा आहे. चक्राला नावगाव लागत नसल्यामुळे दुष्काळात, महागाईत, आजारपणात लग्नाची जोडपीही पोटचे मूल तिथे ठेवत. आईच्या अंगावर दूध नाही आणि दूधआई परवडत नाही, एवढे कारणही पुरे होई. म्हणून एस्पोझितो आडनावावरून पूर्वजाच्या आईबापांचे लग्न झाले होते की नव्हते, हे सांगता येत नाही.

इतके एस्पोझितो कशामुळे

अन्नुन्त्सियाता ही एका शहरापुरती संस्था नव्हती. नेपल्सच्या राज्याच्या दूरदूरच्या भागांतून तिथे मुले येत आणि शतकानुशतके सर्वांना एकच आडनाव मिळत गेले. इतर आडनावांची शाखा एका घरातून फुटते. हिची रोज नवी शाखा फुटत होती. त्यामुळे दोन एस्पोझितो भेटले तर ते भाऊबंद असण्याची शक्यता कोणत्याही दोन नेपल्सकरांइतकीच असते. या आडनावाचे एक कूळ, एक चिन्ह किंवा एक मूळगाव असूच शकत नाही. ‘एस्पोझितो घराण्याचे राजचिन्ह’ म्हणून विकली जाणारी छापील पत्रे त्यामुळे निरर्थक ठरतात.

नवी शाखा फुटणे थांबले ते फ्रेंच अमलात. नेपोलियनचा मेहुणा जोआकिम म्युरा १८०८ ते १८१५ या काळात नेपल्सचा राजा होता. टाकलेल्या मुलांना एस्पोझितो आडनाव देण्याची चाल त्याच्या राजवटीत बंद करण्यात आली. जन्मभर कपाळावर शिक्का बसू नये, हा हेतू. त्यानंतर अधिकाऱ्यांनी मुलासाठी एखादे आडनाव मनानेच रचायचे, असे ठरले. जुनी सवय कागदांतून लगेच गेली नाही, पण मोठा प्रवाह आटला. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते: आजचे बहुसंख्य एस्पोझितो हे १९व्या शतकाच्या सुरुवातीपूर्वी टाकल्या गेलेल्या एखाद्या मुलग्याचे वंशज आहेत. त्यांच्या घराला आज २०० वर्षांहून अधिक काळाचा सलग पितृवंश आहे.

नेपल्सचे चक्र १८७५ मध्ये बंद झाले, तरी संस्थेने मुले घेणे थांबवले नाही. फक्त ती आता समोरासमोर घेतली जात. इटलीत चक्र बंद करण्यात फेर्रारा शहर १८६७ मध्ये पुढे होते आणि १९२३ च्या नियमांनी उरलीसुरली चक्रेही गेली. अन्नुन्त्सियाताच्या आवारात ते चक्र अजून पाहायला मिळते.

इतर शहरांतली समानार्थी आडनावे

प्रत्येक मोठ्या शहराच्या आश्रमाची आपली रीत होती, आणि आडनावावरून शहर ओळखता येते. फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेल्लेस्कीने रचलेल्या ‘निष्पाप बालकांच्या’ आश्रमाचे बांधकाम १४१९ मध्ये सुरू झाले आणि १४४५ मध्ये तिथे पहिले मूल आले. आगाता असे त्या मुलीचे नाव ठेवले होते. त्या आश्रमावरून इन्नोचेंती आणि नोचेंतीनी ही आडनावे आली. इमारतीच्या दर्शनी कमानींमध्ये आंद्रेआ देल्ला रोब्बियाने घडवलेली निळ्या पार्श्वभूमीवरची, पट्ट्यांत गुंडाळलेली पांढरी बाळे आजही आहेत.

मिलानच्या थोरल्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर, म्हणून तिथल्या मुलांना १८२५ पर्यंत कोलोम्बो हे आडनाव देत. लोंबार्दीतील कोलोम्बोंची गर्दी बरीचशी त्यातून आली. रोम आणि उंब्रियाकडे प्रोयेत्ती, म्हणजे ‘फेकलेले’. हा शब्द एस्पोझितोपेक्षाही कठोर वाटतो. रोमान्याकडे कासादेई, ‘देवाच्या घरचा’, आणि सिसिलीत त्रोवातो, ‘सापडलेला’. तरीही सावध राहावे लागते. कोलोम्बो हे कबुतरे पाळणाऱ्याचे किंवा कोलोम्बो याच व्यक्तिनामाचेही आडनाव असू शकते. ख्रिस्तोफर कोलंबसचे घराणे जेनोव्हाचे, त्याचा मिलानच्या आश्रमाशी संबंध नाही. एस्पोझितोबाबत असा संशय जवळजवळ उरत नाही.

स्पेनमधील एक्स्पोसितो हे याचे सख्खे भावंड. टाकलेल्या मुलांना औरस मानावे आणि त्यांना त्यावरून हिणवणाऱ्यास शिक्षा व्हावी, असा हुकूम तिथे चौथ्या चार्ल्स राजाने १७९४ मध्ये काढला.

प्रसार

१९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून दक्षिण इटलीतून जहाजे भरभरून लोक अमेरिका, अर्जेंटिना, ब्राझील, कॅनडाकडे गेले आणि आडनावही गेले. कॅनडातील सू सेंट मरी गावचे फिल आणि टोनी हे एस्पोझितो बंधू बर्फावरच्या हॉकीतले मोठे खेळाडू. एका मोसमात १०० गुणांचा टप्पा उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय लीगमध्ये पहिल्यांदा फिलने १९६८-६९ मध्ये ओलांडला, तर टोनी गोलरक्षक. अभिनेता जियानकार्लो एस्पोझितो याचे वडील नेपल्सचे. तत्त्वज्ञ रोबेर्तो एस्पोझितोही त्याच परिसरातला. इटलीच्या मार्गेरिता राणीसाठी १८८९ मध्ये टोमॅटो, मोझ्झारेल्ला आणि तुळशीच्या जातीच्या पानांचा पिझ्झा केल्याची कथा ज्याच्याभोवती फिरते, तो पिझ्झावाला रफाएले एस्पोझितो. कथेतील काही कागदांच्या खरेपणावर अभ्यासकांनी शंका घेतली आहे.

कायदा

मातापिता अज्ञात असलेल्या मुलाला जन्माची अशी पार्श्वभूमी उघड करणारे नाव किंवा आडनाव देण्यास इटलीत १९३९ च्या नागरी नोंदणी नियमांनी बंदी घातली. २००० च्या सध्याच्या नियमांतही ती कायम आहे, शिवाय ऐतिहासिक महत्त्वाचे किंवा त्या गावात सुपरिचित असलेल्या घराण्याचे आडनावही देता येत नाही. म्हणजे आज नेपल्समध्ये सापडलेल्या बाळाला एस्पोझितो हे नाव मिळणार नाही. आईला रुग्णालयात बाळंत होऊन आपले नाव न नोंदवण्याचा हक्क आहे.

आडनाव बदलायचे असेल तर प्रिफेक्टकडे, म्हणजे सरकारच्या स्थानिक प्रतिनिधीकडे, अर्ज करावा लागतो. आडनाव हास्यास्पद, लाजिरवाणे किंवा जन्माचे मूळ उघड करणारे आहे, हे कारण कायद्याने मान्य आहे. प्राथमिक मंजुरीनंतर अर्जाचा गोषवारा ३० दिवस नगरपालिकेच्या सूचनाफलकावर लावावा लागतो आणि कुणाची हरकत आली नाही तर बदल होतो. तरीही पुष्कळ लोकांनी हे आडनाव ठेवले आहे. नेपल्समध्ये शिक्षक, न्यायाधीश, मासळीवाला, मंत्री सगळेच एस्पोझितो असू शकतात, त्यामुळे शब्दाचा जुना डंख तिथे कधीच बोथट झाला. २०२२ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर मुलाला आई व वडील दोघांची आडनावे मिळतात. दोघांनी एकमताने ठरवले तरच एक.

वंशशोध करणाऱ्यांसाठी

दक्षिण इटलीच्या मुख्य भूमीवर नागरी नोंदणी १८०९ मध्ये सुरू झाली, सिसिलीत १८२० मध्ये. राज्य अभिलेखागारांच्या ‘अंतेनाती’ या संकेतस्थळावर या वह्यांची छायाचित्रे मोफत पाहता येतात. सुरुवात जन्मनोंदीपासून करू नये. एकाच गावात एकाच वर्षी एकाच नावाचे दोन-तीन एस्पोझितो हमखास निघतात आणि चुकीच्या माणसाची शाखा वर चढवली जाते. आधी विवाहनोंद शोधावी आणि तिच्यासोबतचा ‘प्रोचेस्सेत्ती’ हा जोडपत्रांचा गठ्ठा पाहावा. त्यात वधूवरांच्या जन्माचे किंवा बाप्तिस्म्याचे उतारे आणि मृत आईवडिलांचे दाखले असतात, त्यामुळे माणूस पक्का होतो. इटलीत बाई लग्नानंतरही नोंदीत माहेरच्याच आडनावाने राहते, याचा इथे मोठा उपयोग होतो. एस्पोझितो आणि स्पोझितो एकाच माणसासाठी आलटून पालटून लिहिलेले आढळतात, म्हणून दोन्ही तपासावे.

१८०९ नंतरच्या वह्यांत टाकलेल्या मुलासाठी ‘प्रोयेत्तो’ हा शब्द येतो. मूल दाखल करायला येणारी व्यक्ती म्हणून ‘रिचेवित्रीचे’, म्हणजे चक्रावरची बाई, नोंदलेली असते. तिचे नाव पाहून ती आजी किंवा आई आहे असे समजणे ही सर्वांत नेहमीची चूक. तीच बाई त्या वहीत पानोपानी सापडते. अशा नोंदीत आईबापांची नावे येत नाहीत. येतो तो कपड्यांचा तपशील: जुन्या कापडाची चिंधी, टोपी, गुंडाळायची पट्टी. पानाच्या समासातही जरूर पाहावे. आईबापांनी पुढे लग्न करून मूल आपले म्हणून स्वीकारले असेल, तर तो शेरा तिथेच, वेगळ्या शाईत, बऱ्याच वर्षांनंतरच्या तारखेने लिहिलेला असतो.