स्मृतिदिन (न्यूफाउंडलंड)

उत्तर अटलांटिकमधील न्यूफाउंडलंड बेटावर दरवर्षी १ जुलैला पाळला जाणारा शोकदिन. १९१६ साली याच तारखेला, फ्रान्समधील सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, बोमाँ-हामेल गावापाशी न्यूफाउंडलंड रेजिमेंट अर्ध्या तासाच्या आत जवळजवळ नामशेष झाली. योगायोग असा, की १ जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय दिनही आहे आणि न्यूफाउंडलंड १९४९ पासून कॅनडाचा प्रांत आहे. त्यामुळे तिथे सकाळ युद्धस्मारकापाशी पुष्पचक्रे वाहण्यात जाते. राष्ट्रीय दिनाचा जल्लोष सुरू होतो तो त्यानंतर.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा न्यूफाउंडलंड ही स्वतःचा पंतप्रधान असलेली, स्वतःचा कारभार पाहणारी ब्रिटिश वसाहत होती. लोकवस्ती जेमतेम २ लाख ४० हजार. बहुतेकांचे पोट कॉड माशावर, आणि वस्ती खाडीखाडीला विखुरलेल्या छोट्या कोळीवाड्यांची. खडे सैन्य नव्हतेच. भरती सुरू झाली तेव्हा पायांना गुंडाळायच्या पट्ट्यांसाठी खाकी कापड मिळेना, म्हणून पहिल्या पाचशे जणांनी निळ्या पट्ट्या बांधल्या. ‘फ्लॉरिझेल’ या बोटीने ही तुकडी ऑक्टोबर १९१४ मध्ये निघाली. सप्टेंबर १९१५ मध्ये ती तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पावरील सुव्ला येथे उतरली. तिथे शत्रूच्या गोळीइतकेच आजारपण आणि हिमदंश यांनी तिला छळले. तिथून ती फ्रान्सला गेली.

१ जुलैला सकाळी आघाडीच्या पलटणी कापल्या गेल्यावर मागे राखीव असलेल्या या रेजिमेंटला पुढे जाण्याचा हुकूम मिळाला. पुढचे खंदक मृतांनी आणि जखमींनी तुंबलेले होते. त्यामुळे सव्वानऊच्या सुमारास सैनिक मागच्या खंदकातूनच वर आले आणि उघड्या उतारावरून चालू लागले. आधी आपल्याच तारेच्या कुंपणातील मोजक्या फटींतून बाहेर पडायचे होते, आणि जर्मन मशीनगनचा नेम नेमका त्या फटींवर होता. आपल्या सैनिकांची जागा मागच्या निरीक्षकांना कळावी म्हणून पाठीवर लावलेले पत्र्याचे त्रिकोण उन्हात चमकत होते. हिमवादळात चालताना गावाकडे माणूस हनुवटी छातीशी घेतो, तशी मान खाली घालून ते चालत होते, असे पाहणाऱ्यांनी सांगितले आहे. उतारावरच्या एका वठलेल्या झाडापाशी सर्वाधिक माणसे पडली. सुमारे ८०० जण निघाले होते. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ जणांनी ‘हजर’ म्हटले. सेंट जॉन्स या बेटाच्या राजधानीतील व्यापारी एअर घराण्याचे चार तरुण त्या एकाच दिवशी गेले. त्यातले तिघे या रेजिमेंटमधले, चौथा इंग्रज पलटणीत होता.

पुढे याच रेजिमेंटने नावाजण्याजोगे पराक्रमही केले. एप्रिल १९१७ मध्ये माँशी-ल-प्रो गाव हातचे जाणार अशी वेळ आली असता तिच्या नऊ आणि एसेक्स रेजिमेंटच्या एका सैनिकाने मिळून ते तासन्‌तास राखले. त्याच वर्षाअखेर रेजिमेंटला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. १९१८ मध्ये सतरा वर्षांच्या टॉमी रिकेट्सने व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले. (हा पोरगा पुढे सेंट जॉन्समध्ये औषधांचे दुकान चालवत राहिला आणि सत्कार-समारंभांपासून चार हात लांबच राहिला.) असे असूनही दिवस पाळला जातो तो विजयाचा नव्हे, बोमाँ-हामेलचा. एवढ्या लहान समाजात हा घाव जवळजवळ प्रत्येक वाडीपर्यंत पोहोचला, हे त्याचे खरे कारण दिसते. शिवाय कित्येकांचे देह सापडलेच नाहीत; घरच्यांना जाऊन बसायला थडगेही नव्हते. पहिला स्मृतिदिन १९१७ मध्येच, म्हणजे युद्ध चालू असतानाच पाळला गेला. त्या दिवशी छातीवर लावतात ते फर्गेट-मी-नॉटचे निळे फूल. युद्धात पडलेल्यांसाठी इतरत्र रूढ असलेले लाल पॉपीचे फूल तिथे नोव्हेंबरात लावतात.

स्मारकांमागे खटपट होती रेजिमेंटचे पाद्री टॉमस नँगल यांची. लढाई झाली ती जमीनच विकत घेतली गेली. तिथले खंदक न बुजवता राखले, भोवती न्यूफाउंडलंडची झाडे लावली आणि उंचवट्यावर कॅरिबू या हरणाचा कांस्य पुतळा उभारला. कॅरिबू हे रेजिमेंटचे बोधचिन्ह. १९२५ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानातील कांस्यपट्ट्यांवर थडगे नसलेल्या ८०० हून अधिक जणांची नावे आहेत. त्यांत सैनिकांबरोबर नौदलाच्या राखीव दलातील आणि व्यापारी जहाजांवरील खलाशीही आहेत. बेटावर कामगिरी मोजताना दर्यावर्दी आणि लाकूडतोडे यांना वगळलेले नाही, हे विशेष. सेंट जॉन्सच्या युद्धस्मारकावरही सैनिक व नौसैनिक यांच्या जोडीला कोळी आणि लाकूडतोड्या उभे आहेत. याच शहरात १९२५ मध्ये मृतांच्या स्मरणार्थ मेमोरियल कॉलेज निघाले. आज ते विद्यापीठ आहे.

युद्धाची किंमत माणसांपुरती राहिली नाही. युद्धासाठी काढलेले कर्ज आणि नंतरची मंदी यांनी बेटाचे दिवाळे निघाले. १९३४ मध्ये त्याने स्वशासन सोडून लंडनने नेमलेल्या आयोगाच्या हाती कारभार दिला आणि सार्वमत होऊन १९४९ मध्ये ते कॅनडात गेले. ज्या देशाच्या नावाने माणसे लढली तो देश असा नकाशावरून गेला; स्मृतिदिनाला बेटाच्या वेगळ्या ओळखीची धार आहे ती यामुळे. सुव्ला येथे २०२१ मध्ये कॅरिबूचा आणखी एक पुतळा उभा राहिला. २०२४ मध्ये उत्तर फ्रान्समधील एका अनामिक न्यूफाउंडलंडर सैनिकाचे अवशेष मायदेशी आणून १ जुलैला, सेंट जॉन्सच्या स्मारकाला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्याच्या पायथ्याशी दफन करण्यात आले.